बाय इजिप्तला जाणार म्हणते

चवथीला आमच्या मूळ घरी सगळी भावकी जमते. दुपारची जेवणं आटोपली की माटोळीखाली पोरांना बसवायचं आणि एकेकाला "मोठेपणी कोण होणार?" असं विचारायचं, हा ठरलेला कार्यक्रम. उत्तरंही ठरलेलीच. डॉक्टर, इंजिनियर, पायलट, मध्येच एखादा फुटबॉलवाला. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीची पाळी आली. घरात तिला सगळे बायच म्हणतात. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "इजिप्तॉलॉजिस्ट."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग एका काकांनी विचारलं, "म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर का गो?" सगळे हसले. बाय शांतपणे समजावू लागली, की नाही, इजिप्तमधली जुनी माणसं, त्यांची लिपी, त्यांच्या कबरी, त्याचा अभ्यास. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "मग खाणार काय? ममी?" पुन्हा हशा. त्या हशात मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. बाय रडली वगैरे नाही. ताटातली एक नेवरी उचलून वसरीवर जाऊन बसली, आणि पुढच्या पोराची पाळी आली. तो पायलट होणार होता.

तेव्हापासून मला हा प्रश्न छळतो आहे. आपण मुलांना विचारतो कशासाठी? उत्तर हवं म्हणून नक्कीच नाही. आपल्याला आधीच माहीत असलेलं उत्तर त्यांच्या तोंडून ऐकायचं असतं, इतकंच. मुलाने खरंच काही सांगितलं की आपली पंचाईत होते. मग आपण हसतो, नाहीतर "त्याला स्कोप काय?" विचारतो. नऊ वर्षांच्या मुलीला स्कोप विचारणाऱ्या माणसाने स्वतः नऊ वर्षांचा असताना कशाकशाचा स्कोप पाहिला होता, हे मला एकदा ऐकायचं आहे!

आणि दूर देशी जाणं म्हणाल, तर ते आपल्या गोवेकरांना नवं आहे होय? गावागावातून तारवटी बोटीवर गेले, सुवेझचा कालवा त्यांनी आपल्या गावची खाडी असावी तसा ओलांडला. आमच्या वाड्यावर आजही दर तिसऱ्या घरातलं कोणीतरी गल्फात आहे. पगारासाठी माणूस कुवेतला गेला तर तो कर्तबगार, आणि पोरगी शिकायला कैरोला जाईन म्हणाली तर ते खूळ. असो.

चवथीचा तो हशा माझ्या मनाला लागून राहिला आणि मी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. इथे माझी दुसरी चूक सुरू होते. ती पहिलीपेक्षा मोठी होती असं आता वाटतं.

मी बायसाठी वस्तू आणू लागलो. प्लॅस्टरच्या ठोकळ्यात पुरलेला प्लॅस्टिकचा फराओ खणून काढायचा खेळ आणला. तुतानखामुनच्या सोन्याच्या मुखवट्याचं भलंमोठं पोस्टर आणलं. ममीच्या शापाच्या गोष्टींचं एक पुस्तक आणलं, जे मी आधी उघडूनही पाहिलं नव्हतं. आणि घरी कोणी आलं की, "बाय, जरा फराओंची नावं सांग बघू!" बाय सांगायची. खुफू, खाफ्रे, मेनकौरे, हात्शेप्सुत, अखेनातेन. पाहुणे टाळ्या वाजवायचे. काही दिवसांनी ती नावं भराभर म्हणू लागली, पाढे म्हणावेत तशी. मग आठवत नाही म्हणू लागली. मग पाहुणे आले की खोलीतून बाहेरच येईना. पोस्टर भिंतीवरून उतरलं. दोनेक महिने तिने इजिप्त हा शब्द काढला नाही.

मी बहिणीला फोन केला. म्हटलं, संपलं वाटतं वेड. धाकटी असली तरी ती मला काही बोलायला कमी करत नाही. म्हणाली, "दादा, वेड संपलं नाही. तू तिचं इजिप्त तुझं करून टाकलंस. ती आता लपून वाचते."

लपून वाचते! हसणाऱ्यांनी जे केलं नव्हतं ते मी कौतुकाने करून दाखवलं होतं. हसणाऱ्यांपासून मूल आपलं स्वप्न वाचवू शकतं, वसरीवर जाऊन बसलं की झालं. कौतुक करणाऱ्यापासून ते कसं वाचवणार? तो तर खोलीत येतो, पलंगावर बसतो आणि विचारतो, आज काय नवीन वाचलंस?

त्यानंतर मी जरा स्वतः वाचायला बसलो. बायसाठी नाही, माझ्यासाठी. ज्यांनी लहानपणी हे खूळ घेतलं आणि पुढे खरंच ते काम केलं, त्यांच्या घरच्या माणसांनी काय केलं होतं, एवढंच मला पाहायचं होतं.

सगळ्यात आधी भेटला शांपोलियाँ. चित्रलिपी वाचण्याची किल्ली १८२२ साली ज्याने शोधली तो फ्रेंच माणूस. पण मला तो कमी आणि त्याचा भाऊ जास्त भेटला. झाक-जोझेफ हा त्याच्यापेक्षा १२ वर्षांनी मोठा. १७९८ साली नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला जायची त्याची स्वतःची फार इच्छा होती, ती पुरी झाली नाही. अशा माणसाने धाकट्या भावावर आपलं अपुरं स्वप्न लादलं असतं तर नवल नव्हतं. त्याने काय केलं? १८०१ साली दहा वर्षांच्या त्या पोराला फिजॅक गावाहून ग्रनोबलला आपल्याकडे आणलं, शिकवलं, चांगल्या शिक्षकांकडे सोपवलं, पुस्तकं पुरवली. पोरगा भाषांच्या मागे लागला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी आणि मग कॉप्टिक. ही कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचंच शेवटचं रूप, मुख्यतः ग्रीक अक्षरांत लिहिलेलं. तिथल्या कॉप्टिक चर्चच्या उपासनेत ती आजही टिकून आहे, आपल्याकडच्या चर्चांत पूर्वी लॅटिन होती तशी. पुढे पॅरिसला शिकताना धाकट्याची कायम पैशांची ओढाताण. पत्रं कोणाला? थोरल्याला. पैसे आणि पुस्तकं कोण पाठवणार? थोरला. किल्ली सापडली ती याच भाषांच्या तयारीमुळे, विशेषतः कॉप्टिकमुळे.

आणि गंमत अशी, की शांपोलियाँने प्रत्यक्ष इजिप्त पाहिलं ते १८२८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी. चार वर्षांनी तो वारला. त्याचं व्याकरण आणि शब्दकोश हस्तलिखितातच राहिले होते. ते छापून कोणी काढले? त्याच थोरल्या भावाने. धाकट्याचं नाव जगाला माहीत आहे. थोरल्याचं नाव मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

(शांपोलियाँ वारला ते साल १८३२. त्याच साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालय सुरू झालं, आज आपण ज्याला कृष्णदास शामा ग्रंथालय म्हणतो ते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बायला हे सांगितलं तेव्हा तिला ते फार महत्त्वाचं वाटलं, म्हणून इथे लिहिलं.)

दुसरा भेटला पेट्री. हा इंग्रज. १८५३ चा जन्म. प्रकृतीने नाजूक, रीतसर शाळा नाही, शिक्षण घरीच. बाप इंजिनियर, त्याने पोराला जमीन मोजायला शिकवलं. दोघांनी मिळून स्टोनहेंजची मोजणी केली. हा पेट्री तेरा वर्षांचा असताना पियाझी स्मिथ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचं पुस्तक त्याच्या हाती पडलं. स्मिथचं म्हणणं असं, की गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या मापांत दैवी गणित दडलेलं आहे, त्याच्या पायाच्या लांबीतून वर्षाचे दिवस निघतात, वगैरे. बापलेक दोघेही भारावले. आजच्या भाषेत सांगायचं तर परग्रहवासीयांनी पिरॅमिड बांधले असं सांगणारा व्हिडिओ पाहून भारावावं तसे. पण मोजणीचं शिक्षण झालेलं होतं, तेव्हा पेट्रीने ठरवलं की जाऊन मोजायचं. बाप म्हणाला, मीही येतो. आज येतो, उद्या येतो. बाप कधीच गेला नाही. पोरगा १८८० च्या अखेरीस एकटा गेला, एका जुन्या कबरीत राहिला, दोन हंगाम खपून पिरॅमिड मोजला. बाजू निघाली साधारण २३० मीटर, आणि स्मिथचं गणित त्यात बसेना. ज्या पुस्तकाने त्याला तिथवर नेलं तेच त्याने खोटं ठरवलं. पुढे मातीच्या खापरांच्या बदलत्या घडणीवरून थडग्यांचा क्रम लावायची पद्धत याच माणसाने बसवली.

पेट्रीचा हा किस्सा वाचून माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं. कारण मी आणलेल्या त्या शापाच्या पुस्तकानंतर बाय मोबाइलवर नको ते पाहू लागली होती. माणसांना इतके मोठे दगड उचलणं शक्यच नव्हतं, असं तिने मला एकदा अगदी ठासून सांगितलं होतं. मी ओरडणार होतो. ओरडलो नाही. तिला मेरेरची गोष्ट सांगितली.

मेरेर हा आपल्या भाषेत मुकादम. खुफू राजाच्या काळातला, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे त्याच्या कामाच्या नोंदींचे पपायरस सापडले. लिहिलेले पपायरस म्हणून आजवर सापडलेल्यांत ते सर्वांत जुने. त्यात काय आहे? रोजचं काम. आज तुराच्या खाणीवर दगड भरले, आज होडीने निघालो, आज खुफूच्या पिरॅमिडापाशी पोचलो, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम. मांडवीतून खनिजाच्या बार्जी जाताना पाहिलेल्या मुलीला हे समजायला किती वेळ लागणार? ती म्हणाली, "म्हणजे बार्जवाल्याची वही!" बरोबर. बार्जवाल्याची वही. त्या दिवसानंतर परग्रहवासी आमच्या घरात आले नाहीत.

शापाचाही असाच निकाल लागला. लॉर्ड कार्नार्व्हन १९२३ साली डास चावलेली जखम चिघळून वारला, हे खरं. पण कबरीत सगळ्यात जास्त वेळ ज्याने काढला तो हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला. बायने स्वतःच हिशेब केला आणि म्हणाली, शापाला पत्ता चुकला.

या कार्टरवरून माझ्या मनातलं जे मत आहे ते सांगतो. आपण मुलांना कार्टरची एकच गोष्ट सांगतो. १९२२ चा नोव्हेंबर, पायरी सापडली, दार उघडलं, आत सोनं. त्या आधीचं आणि नंतरचं सांगत नाही. आधीचं म्हणजे, कार्टरचं शालेय शिक्षण जुजबी. बाप चित्रकार, त्याच्याकडून चित्र काढायला शिकला. १८९१ साली सतराव्या वर्षी इजिप्तला गेला तो कबरींतल्या भिंतीवरची चित्रं उतरवून काढायच्या नोकरीवर. नंतरचं म्हणजे, दार उघडल्यावर त्या चार लहान खोल्या रिकाम्या करायला त्याला दहा वर्षं लागली. पाच हजारांहून अधिक वस्तू. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीचा कार्डावर तपशील, जागेवर असतानाचा फोटो, मग ती पुढे टिकावी म्हणून तिच्यावर उपचार, आणि मग हलवणं. ती कार्डं आणि हॅरी बर्टनने काढलेले फोटो ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मुखवट्याचं पोस्टर आणण्याऐवजी मी हे आधी दाखवायला हवं होतं.

मी मत म्हणालो ते हेच. मुलाचं स्वप्न म्हणजे सोन्याचा मुखवटा असतो, आणि त्याला फुंकर घालणारे भरपूर भेटतात. त्या स्वप्नाच्या आतलं काम दाखवणारे भेटत नाहीत. ते काम कंटाळवाणं असतं अशी आपली समजूत. मुलांना ते कंटाळवाणं वाटत नाही! बायने घरातलं एक अख्खं कपाट कार्टरच्या पद्धतीने रिकामं केलं. क्रमांक घातले, चित्रं काढली, कार्डं केली. आजीची हरवलेली चष्म्याची डबी त्यात सापडली, क्रमांक ४१. आजी त्या दिवसापासून इजिप्तच्या बाजूने आहे.

लिपीचंही तसंच झालं. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत ए साठी गिधाड, बी साठी पाऊल असा तक्ता असतो. आपलं नाव लिहायचं आणि झालं. बायच्या नावात म, न आणि ल आहेत. म चं घुबड, न ची पाण्याची लाट, ल चा बसलेला सिंह. तिने दारावर नाव लिहिलं आणि चार दिवस खूश राहिली. पाचव्या दिवशी विचारलं, "पण शब्द कसे वाचायचे?" तिथे तक्ता संपतो. मग कळतं की ही अक्षरमाळा नव्हेच. चिन्हं शेकड्यांनी आहेत. काही एक उच्चार सांगतात, काही दोनतीन व्यंजनांचे. स्वर लिहीतच नाहीत. शब्दाच्या शेवटी कधी नुसतंच अर्थ सांगणारं चित्र येतं, त्याला उच्चार नसतो. चालण्याच्या क्रियापदापुढे दोन चालते पाय. ओळ डावीकडून वाचायची की उजवीकडून, हे माणसांची आणि पक्ष्यांची तोंडं कुठे आहेत त्यावरून ठरतं. ती जिकडे पाहतात तिकडून सुरुवात. हे कळल्यावर बाय म्हणाली, ते आपली वाट बघत असतात.

मला यातलं फार येत नाही, आणि तेच बरं झालं. मला येते मोडी, थोडीफार, वडिलांनी शिकवलेली. तिला म्हटलं, तुझी लिपी तू शीक, माझी मी दाखवतो. आता घरातले जुने कागद आम्ही दोघं बसून वाचतो. एक अक्षर अडलं की अर्धा तास जातो. तीनतीन वेळा चुकीचं वाचून चौथ्यांदा जे जुळतं, त्याचा आनंद शांपोलियाँचा आणि आमचा एकाच जातीचा असणार, मापात फरक असेल. आणि शेजारी कुवेतमध्ये बावीस वर्षं काढून आलेले गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे ती शनिवारी अरबी आकडे आणि अक्षरं शिकायला जाते. इजिप्तमध्ये काम करायचं तर तिथल्या आजच्या माणसांशी बोलता आलं पाहिजे, हे तिला मी सांगितलं नाही. त्या गृहस्थांनी सांगितलं. मोठमोठे साहेब शंभर वर्षं तिथे खणत होते, त्यांच्यापैकी कितींना हे सुचलं होतं देव जाणे.

आमच्या कुळागरात माड्यांवर मिरवेली चढवलेल्या आहेत. गेल्या हंगामात मिरी काढताना तिला म्हटलं, दुसऱ्या रामसेसची ममी १९७६ साली उपचारांसाठी पॅरिसला नेली होती, तेव्हा तपासणीत तिच्या नाकात मिरीचे दाणे मिळाले. हा राजा इसवी सनापूर्वी १२१३ साली वारला. आणि मिरी तर आपल्या दक्षिणेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. पुढे रोमनांच्या काळात तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात भारतीय मातीच्या रांजणात सात-आठ किलो मिरी सापडली, आणि २०२२ साली तिथेच बुद्धाची मूर्ती मिळाली. बाय बराच वेळ हातातल्या दाण्यांकडे पाहत होती. मग एक दाणा नाकाशी धरून जोरात शिंकली.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी हैदराबादला गेलो होतो. तिथल्या पब्लिक गार्डनमधल्या म्युझियममध्ये एक ममी आहे. (वडोदऱ्याला सयाजीरावांच्या म्युझियममध्येही आहे. तिकडे जाणं अजून राहिलं आहे.) लग्नघरातली चार पोरंही बरोबर आली. ती काचेला नाकं लावून "ईऽऽ" करत होती. ममी एका तरुण मुलीची, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. बाय काचेपासून दोन पावलं लांब उभी राहिली. मला वाटलं घाबरली. ती हळूच म्हणाली, "मामा, हिच्या घरच्यांना विचारलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं मी तिला जे जे दाखवलं होतं त्यात हा प्रश्न कुठेच नव्हता. युरोपात एके काळी ममी कुटून औषध म्हणून विकत, तिकिटं लावून लोकांसमोर ममी सोडवत, हे मी तिला रात्री सांगितलं. हेही सांगितलं की ३ एप्रिल २०२१ ला कैरोमध्ये २२ राजे-राण्यांच्या ममी एका म्युझियममधून दुसऱ्यात नेल्या, तेव्हा सगळा रस्ता सजवून, तोफांची सलामी देऊन, वाजत गाजत नेल्या. तिने तो व्हिडिओ लगेच पाहिला. पण हैदराबादच्या मुलीची मिरवणूक कोण काढणार, हा तिचा पुढचा प्रश्न होताच.

आता स्कोपचं. मी तो प्रश्न टाळतो असं नाही. बाय अकरा वर्षांची झाली तेव्हा तिला आणि तिच्या आईबाबांना एकत्र बसवून सगळं सांगितलं. आपल्याकडे इतिहास आणि पुरातत्त्व शिकता येतं, पुण्याचं डेक्कन कॉलेज त्यासाठीच नावाजलेलं आहे, खापरं, हाडं, बिया, धान्य यांचा अभ्यास तिथे होतो. पण खास इजिप्तसाठी बाहेर जावं लागेल, लंडन, लायडन, कैरो असं कुठेतरी. पैसे खूप लागतील. शिष्यवृत्त्या थोड्या, नोकऱ्या त्याहून थोड्या. संशोधन वाचायला इंग्रजीशिवाय फ्रेंच आणि जर्मनही लागेल. भावोजींचा चेहरा उतरला. बायचा उतरला नाही. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "हाडांचा अभ्यास करणाऱ्याला इजिप्तमध्ये घेतात?" घेतात. रसायनवाल्याला घेतात, एक्स-रे वाचणाऱ्याला घेतात, नकाशे करणाऱ्याला घेतात, चित्रं काढणाऱ्याला तर पहिल्यापासून घेत आले आहेत. मुलांना खरं सांगितलेलं पचतं असा माझा अनुभव आहे. पचत नाही ते आपलं हसणं.

"आणि उद्या तिने हे सोडलं तर?" असं मला विचारतात. सोडलं तर सोडलं. पंधराव्या वर्षी ती म्हणाली की मला वकील व्हायचं आहे, तर मोडी वाचणारी, अरबी अक्षरं ओळखणारी, ऐकलेल्यावर विश्वास न ठेवता मोजून पाहणारी वकील होईल. तेव्हा "अगो, तुझ्या इजिप्तचं काय झालं?" असं तिला चवथीला कोणी विचारू नये, एवढीच माझी खटपट. उलट मार्गारेट मरेचंही उदाहरण आहे. १८६३ साली कलकत्त्यात जन्मलेली ही बाई इजिप्तचा अभ्यास करायला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेली तेव्हा तिशी गाठून होती, आणि पुढे तिथेच शिकवू लागली. म्हणजे उशीरही होत नाही.

मुलगा असता तर माटोळीखाली तेवढेच हसले असते का, हा प्रश्न मी भावकीत एकदा विचारून पाहिला. काकांनी विषय बदलला.

या डिसेंबरात आम्ही रिवणच्या बाजूला गेलो होतो. कुशावतीच्या काठावर पणसायमळला जांभ्या दगडात कोरलेली प्रागैतिहासिक चित्रं आहेत, १९९३ साली उजेडात आलेली. बैल आहेत, माणसं आहेत, आणि गोल गोल फिरत आत जाणारं एक चक्रव्यूहासारखं कोरीव काम आहे. लोक चपला घालून त्यावरून चालत फोटो काढत होते. बायने काठाला चपला काढल्या, पिशवीतून मोजायची फीत, वही आणि पेन्सिल काढली. मी मोबाइल बाहेर काढला, तिचा फोटो घ्यावा, भावकीच्या ग्रुपवर टाकावा म्हणून. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल परत खिशात ठेवला.

मग तिने फितीचं टोक माझ्या हातात दिलं आणि दगडाच्या त्या टोकाला जाऊन बसली.

"मामा, ताठ धर. हलू नको."